बुधवारचं औषध

"माझं चुकलं असेल तर तसं सांगा, मी मान्य करीन. पण चुकलं नसेल तर आज पाच वाजायच्या आत सांगा."

दारातली बाई हे एका दमात बोलली आणि तिथेच थांबली. एका खांद्याला अवजारांची पिशवी, पाठीवर फवाऱ्याची टाकी, कडेवर आठ-दहा महिन्यांचं मूल. मुलाच्या मानेवर घामाने केस चिकटले होते.

शिंप्याच्या दुकानावरची ही एकच खोली. बाहेर 'खासगी तपास' अशी पाटी, आत एक टेबल, तीन खुर्च्या आणि मान हलवताना कण्हणारा पंखा. तपास करणाऱ्या बाईंना त्यांचा धाकटा दीर वहिनी म्हणायचा, म्हणून येणारी-जाणारी सगळी माणसंही वहिनीच म्हणू लागली होती.

"आधी बसा. पाणी प्या," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, बाळाला घ्या."

"मी?"

"मग कोण, पंखा?"

भावोजींनी वही मिटून बाजूला ठेवली. तपासाच्या नोंदी ठेवणं हे त्यांचं काम. अक्षर मोत्यासारखं होतं, मात्र त्या अक्षरात काय लिहायचं याची त्यांना नेहमीच खात्री नसे. त्यांनी मूल असं धरलं की जणू ते काठोकाठ भरलेलं भांडं आहे.

"हिचं नाव?"

"घरी मुंगी म्हणतो. इमारतीतल्या सगळ्या मुंग्या मी घालवल्या, एवढी एकच ठेवलीय." बाई हसली आणि लगेच तिचे डोळे भरले.

चार मजल्यांच्या एका व्यापारी इमारतीत ती कीड आवरायचं काम करत होती. तिथे तिला सगळे पेस्टवाली म्हणत.

"उन्हाळ्याचं काम उन्हाळ्याआधी करावं लागतं, वहिनी. बाहेर तापलं की झुरळं, मुंग्या, उंदीर सगळे पाण्याला आणि गारव्याला आत शिरतात. एकदा शिरले की मग नुसतं मारत बसा. म्हणून मी आधीच वाटा बंद करते. भेगा बुजवते, दाराखाली रबराची पट्टी लावते, मोरीला जाळी बसवून घेते, एसीचं पाणी कुठे साठतं ते बघते. आणि कोपऱ्याकोपऱ्यात चिकट कागदाचे सापळे ठेवते. सापळे मारण्यासाठी नसतात हो. कोण आलंय, किती आलेत, ते कळण्यासाठी."

"आणि झालं काय?"

"दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर आहे. त्याच इमारतीत काम करणाऱ्या बायकांची चौदा मुलं. ही त्यातलीच. सोमवारी मी तिथले जुने सापळे उचलले, नवे ठेवले. जुन्यात एकही झुरळ नव्हतं. आणि काल, गुरुवारी सकाळी ताईंनी दार उघडलं तर सतरंजीवर तीन मोठी झुरळं पळत होती. कपाटामागच्या सापळ्यात आणखी पाच मेलेली."

"मुलं आली होती?"

"नाही, नशीब. पण मॅनेजरांनी फोटो काढले. आज पाचला गाळेधारकांची सभा आहे. पाळणाघर बंद करायचा ठराव मांडणार आहेत. सोमवारपासून कुलूप."

"आणि तुम्हालाही निरोप?"

"मला काढतील ते काढतील, मला दुसऱ्या इमारती आहेत. पण ही चौदा मुलं? त्या भागात दुसरं पाळणाघर नाही, वहिनी. सात जणी कालच म्हणाल्या, आम्ही कामावर येणं सोडून देऊ."

वहिनींनी टाकीकडे बोट दाखवलं. "ही मुलाच्या इतक्या जवळ?"

"रिकामी आहे. ती फक्त गच्ची आणि बाहेरच्या गटारासाठी. पाळणाघराच्या उंबऱ्याआत मी फवारा कधी नेलाच नाही. तिथली पोरं फरशी चाटतात."

हे वाक्य भावोजींच्या वहीत उतरलं नाही, कारण त्याच वेळी मुंगीने त्यांचा चष्मा काढून तोंडात घातला होता.

"आजच्या सभेत तुम्ही बोलणार होतात?"

"उन्हाळ्याचा अहवाल वाचणार होते. दर वर्षी वाचते." तिने पिशवीतून एक कागद काढला. "आता कोण ऐकणार?"

वहिनींनी तो मोठ्याने वाचला. बहुतेक ओळींपुढे 'झाले' असं लिहिलं होतं. तीन ओळींपुढे नव्हतं.

"कॅन्टीन: मोरीची जाळी काढून ठेवलेली आढळली. चष्म्याचे दुकान: एसीचे पाणी बादलीत साठते, झाकण नाही. तळमजल्यावरची पाइपांची डक्ट: नवे दार बसवले असे कळले, किल्ली न मिळाल्याने आतून पाहता आली नाही."

"तीन माणसं," वहिनी उठत म्हणाल्या. "आणि तिघांनाही हा कागद नको असणार. चला भावोजी."

"हिला कोण घेणार?"

"छान शोभतेय तुम्हाला. चला."

*

पाळणाघराची खोली हवेशीर होती. एका भिंतीला ओळीने गाद्या, दुसरीला खेळण्यांचं कपाट, मध्ये सतरंजी. सहा-सात मुलं झोपली होती. झोपेत एकाची मूठ उघडायची, पुन्हा मिटायची.

पाळणाघरवाल्या ताई पन्नाशीच्या होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा.

"हळू बोला. तो दाराजवळचा आत्ताच झोपलाय."

"दार कोण उघडतं, ताई?"

"मी. साडेआठला. बंदही मीच करते, सातला. एक किल्ली माझ्याकडे, एक खाली ऑफिसात. मॅनेजरांच्या टेबलामागे खिळ्यावर असते."

"काल आत कोणकोण आलं?"

"आत कोणीच नाही. मी ओरडले तेव्हा मॅनेजर धावत आले, पण बाहेरच थांबले. चष्मेवालेही त्यांच्या दारातून डोकावले. सापळा मीच बाहेर नेऊन दाखवला." ताईंचा आवाज खाली गेला. "आठ वर्षं झाली हो. एका मुलाला साधा डास चावू दिला नाही."

पेस्टवालीने तो सापळा कागदी पिशवीत जपून ठेवला होता. वहिनींनी तो खिडकीपाशी उजेडात धरला. मोठी, तांबूस झुरळं. पाचही उताणी पडलेली, पाय वर.

"भावोजी, बघा कशी आरामात झोपलीत."

"मेल्यावर अशीच पडतात ना?" भावोजींनी तोंड फिरवलं.

वहिनींनी सापळा नाकाशी नेला. मग पेस्टवालीच्या नाकाशी धरला.

"दुकानात मिळतो त्या फवाऱ्याच्या डब्याचा वास," पेस्टवाली चमकून म्हणाली. "असला डबा मी वापरत नाही. काल मी घाबरून वासच घेतला नाही."

"आणि ही जात कुठली?"

"गटारातली. मोठी आणि तांबडी. अंधारी, ओली जागा लागते यांना. स्वयंपाकघरातली वेगळी, बारकी आणि फिकट."

इतक्यात मुंगी भावोजींच्या हातातून सुटली आणि रांगत दाराकडे निघाली. भावोजींनी धावत जाऊन दार लोटून घेतलं. दार आत उघडणारं होतं, उघडं असलं की भिंतीला टेकायचं. त्यामागे फळा आहे हे त्यांना आत्ता कळलं. खडूने लिहिलं होतं: 'बुधवारी औषध. साडेनऊच्या आत यावे.'

भावोजींनी ते इमानेइतबारे वहीत उतरवलं.

"फळा रोज लिहिता?" वहिनींनी विचारलं.

"काही विशेष असलं तरच. निघताना लिहिते. सकाळी मुलांना आत आणून बसवलं की आया दार लावतात, तेव्हा वाचतात. हे मंगळवारी संध्याकाळी लिहिलेलं, पुसायचंच राहिलंय. कालपासून काहीच सुचत नाहीये." ताईंनी एका जाग्या झालेल्या बाळाला उचललं. त्याच्या लाळेऱ्यावर मोठा गुलाबी डाग होता. "हे बघा, हाही डाग निघेना. बुधवारी सगळं माझ्या अंगावर थुंकला हा गुलाम, आणि वर हसला."

*

पेस्टवाली पाळणाघरातच थांबली. तळमजल्यावरच्या कॅन्टीनचे मालक घामाने निथळत होते आणि त्याहून जास्त रागाने.

"ती बाई हात धुऊन माझ्या मागे लागलीय! जाळी बसवा, पिंप झाका, मागचं दार बंद ठेवा. मागचं दार बंद ठेवलं तर माझा आचारी शिजेल!"

"जाळी का काढली?"

"पाणी तुंबतं म्हणून. मी म्हटलं, बाई गं, एकदा औषध मारून टाक आणि सोड मला. तर म्हणते, आधी जाळी. आजवर माझ्याकडे एकदाही औषध मारलेलं नाही तिने. कसली पेस्टवाली?"

"तुम्ही पाळणाघरात जाता?"

"रोज सकाळी दूध पोचवतो. दारातून. ताई घेतात."

"म्हणजे झुरळं तुमच्याकडून गेली, असं लोक म्हणाले तर..."

"कोण म्हणतं?" मालक उसळले. "ती फोटोतली झुरळं बघितलीत? केवढी होती! माझ्याकडची एवढीशी असतात हो, नखाएवढी!"

मालकांनी आपण काय बोललो ते ऐकलं आणि हातातल्या फडक्याने टेबल पुसायला लागले.

"आत बघू का?" वहिनींनी विचारलं.

"आत नको. पसारा आहे."

तरीही वहिनींनी मोरीजवळच्या पेस्टवालीच्या सापळ्यात वाकून पाहिलं. बारकी, फिकट झुरळं. सगळी पोटावर, पाय कागदात रुतलेले.

*

चष्मेवाले पाळणाघराला लागून होते. दुकानाचं दार सताड उघडं, समोर जिना, बाजूला पाळणाघराचं दार.

"लपवायचं कशाला? मला ती खोली हवीय," ते म्हणाले. "दोनदा अर्ज केलाय. मी गिऱ्हाइकाला विचारतो, कुठलं अक्षर दिसतंय? पलीकडून रडणं सुरू होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, काय? मी पुन्हा विचारतो, ते पुन्हा म्हणतं, काय? मी डोळे तपासतोय की कान?"

भावोजींना हसू आलं. मुंगीलाही आलं. चष्मेवाल्यांनी दोघांकडे सारखंच रागाने पाहिलं.

"पाळणाघरात कधी गेलात?"

"दोनदा. दोन्ही वेळा भांडायला. ताईंनी चप्पल काढायला लावली. चप्पल काढून भांडता येत नाही."

"पेस्टवाली कधी आली होती?"

"सोमवारी. माझ्या भिंतीशी दिवसभर ठोकाठोक, भेगा बुजवत होती. वर मलाच ऐकवलं, बादली झाका म्हणून. त्यानंतर मुलीला सोडा-न्यायला येते तेवढीच, कामाला म्हणून काल आरडाओरडा झाला तेव्हाच दिसली. इथून सगळं दिसतं मला. सहाला दुकान बंद करतो, तोवर जिन्यावरून मांजरही माझ्या नजरेतून सुटत नाही."

"सहानंतर?"

"सहानंतर मी घरी डोळे मिटून बसतो."

बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले, "वहिनी, हाच. खोली हवी, शेजारी आहे, आणि मुलांचा राग. कबूलसुद्धा करतोय."

"कबूल करतोय म्हणूनच मला जरा शंका आहे," वहिनी म्हणाल्या.

*

मॅनेजरांच्या ऑफिसात गारवा होता. त्यांनी दोघांना थंड पाणी दिलं, मुंगीच्या हातात रबरी शिक्का दिला आणि ती तो चघळू लागल्यावर काढूनही घेतला नाही. माणूस सौम्य होता.

"मला फार वाईट वाटतंय. पेस्टवाल्या बाई कामाच्या आहेत, मी आजवर त्यांचीच बाजू घेतली. पण आता गाळेधारकांना काय तोंड दाखवू? बुधवारी औषध, आणि गुरुवारी सकाळी झुरळं! औषधाला भीक न घालणारी झुरळं ही. उद्या एखाद्या लेकराच्या कानात गेलं तर?"

वहिनी हळहळल्या. "खरं आहे. तुम्ही आत जाऊन पाहिलंत?"

"छे हो. तिथे बूट काढा, हात धुवा. मी उंबऱ्यातूनच फोटो काढले. दार उघडंच होतं. खरं सांगायचं तर वर्षभरात त्या खोलीत माझं पाऊल पडलेलं नाही. बायकांची, लेकरांची जागा ती."

"पाळणाघराची किल्ली?"

"ही काय, खिळ्यावर. मी जेवायला गेलो की ऑफिस उघडंच असतं. कोणीही घेऊ शकतं." त्यांनी खेदाने मान हलवली. "माझीच चूक."

"आणि पाइपांच्या डक्टची?"

"ती माझ्या जुडग्यात असते, धोक्याची जागा आहे. पण तिथे पाहण्यासारखं काही नाही. उन्हाळ्याआधीच सगळं दुरुस्त करून घेतलं. नवं दार, गटाराला नवं झाकण. समितीला लेखी कळवलंय."

"आत्ता उघडून दाखवाल?"

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. "सभेची तयारी आहे. सभेनंतर नक्की."

जिन्याच्या वळणावर वहिनी थांबल्या. "वाचा बघू भावोजी, काय काय लिहिलंत."

भावोजींनी मुंगीला उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतलं आणि वाचू लागले. "सोमवारी पेस्टवालीने सापळे बदलले, भेगा बुजवल्या. बुधवारी पाळणाघरात औषध मारले. गुरुवारी..."

"थांबा. बुधवारचं काय म्हणालात?"

"औषध मारले. फळ्यावर होतं ना. मॅनेजरही तेच म्हणाले." भावोजींचा चेहरा पडला. "का? माझं काही चुकलं?"

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी भर जिन्यात दिराच्या पाठीवर थाप मारली.

"चुकलं. आणि इतकं सुंदर चुकलं की काय सांगू! या, ताईंना एकच प्रश्न विचारायचाय. आणि सभा पाळणाघरातच घ्या म्हणावं."

*

पाचला गाळेधारक जमले. आयांनी मुलांना चारलाच नेलं होतं. खोलीत मोठ्या खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे चष्मेवाले एका पिवळ्या इवल्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले आणि कॅन्टीनवाले सतरंजीवर. मॅनेजर दारापाशी उभे राहिले. ताई गाद्यांच्या घड्या घालत होत्या. घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत होत्या.

"ठराव मांडायच्या आधी पाच मिनिटं मला द्या," वहिनी म्हणाल्या. "ही झुरळं इथे आली नाहीत. आणली गेली."

खोलीत कुजबुज झाली. वहिनींनी सापळा मध्ये ठेवला. चष्मेवाल्यांनी पाय आणखी वर घेतले.

"चिकट कागदावर झुरळ चालत येतं. चालत आलं की पाय अडकतात आणि ते उभ्याउभ्याच मरतं. खाली कॅन्टीनच्या सापळ्यात बघा, सगळी पोटावर आहेत. ही पाचही उताणी. झुरळ उताणं पडतं ते फवाऱ्याने मरताना. म्हणजे ही आधी डब्याने मारली आणि मग कोणीतरी चिमटीत धरून एकेक चिकटवली. वास अजून आहे."

"पण इतका खटाटोप कशाला?" कोणीतरी विचारलं.

"जिवंत तीन सोडली होती, ती पळून जातील ही भीती. पुरावा हवा ना, सकाळपर्यंत टिकणारा. आता कोणी? तिघांची नावं त्या अहवालात आहेत. तिघांनाही पेस्टवालीचं तोंड बंद व्हायला हवं होतं."

"माझी झुरळं बारकी आहेत!" कॅन्टीनवाले ओरडले.

"हो, आणि म्हणूनच तुम्ही सुटलात. ही गटारातली आहेत. अंधारी, ओली जागा लागते यांना. दुसऱ्या मजल्यावर तशी जागा नाही, तुमच्या स्वयंपाकघरातही ही नाहीत. आठ झुरळं मिळवायची तर ती कुठे आहेत ते माहीत हवं आणि तिथे जाता यायला हवं."

वहिनी चष्मेवाल्यांकडे वळल्या. "तुम्हाला खोली हवी होती."

"हवी आहे," चष्मेवाले खुर्चीतून म्हणाले. "पण झुरळ हातात धरून? मला आत्ता नुसतं बघवत नाहीये."

"तुम्ही मला सांगितलंत, सोमवारनंतर कालपर्यंत पेस्टवाली इथे कामाला आलीच नाही. पेस्टवालीही तेच सांगते, आणि पाळणाघरात ती फवारा कधीच आणत नाही. मग बुधवारी इथे औषध मारलं, असं कोण म्हणालं?"

वहिनींनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"दोघंच म्हणाले. एक आमचे भावोजी. भावोजी, तुम्हाला कुठून कळलं?"

भावोजी उभे राहिले. झोपलेली मुंगी त्यांच्या खांद्यावर होती, म्हणून ते हळू आवाजात म्हणाले, "फळ्यावर वाचलं."

वहिनींनी मॅनेजरांना बाजूला व्हायची खूण केली आणि दार लोटलं. फळा समोर आला.

"'बुधवारी औषध.' ताई, कसलं औषध?"

"जंतांचं," ताई म्हणाल्या. "वर्षावरच्या मुलांना वर्षातून दोनदा डॉक्टर येऊन देतात. गुलाबी, गोड असतं, तरी थुंकतात मेले. सगळ्या आयांना मी फोन करून सांगितलं होतं, म्हणून फळ्यावर एवढंच लिहिलं."

कॅन्टीनवाल्यांना एवढं हसू फुटलं की त्यांना ते खोकल्यात लपवावं लागलं.

"औषध पाजतात आणि औषध मारतात," वहिनी म्हणाल्या. "ज्याला आयांकडून किंवा ताईंकडून कळलं, त्याला ते कोणासाठी हे माहीत होतं. ज्याने नुसतं हे अक्षर वाचलं, ज्याच्या डोक्यात त्या वेळी झुरळंच होती, त्याचाच असा गैरसमज होईल. आणि हे अक्षर बाहेरून दिसत नाही. दार उघडं असलं की फळा झाकतो. आत येऊन, दार आतून लावून घेणाऱ्यालाच तो दिसतो." त्या वळल्या. "मॅनेजरसाहेब, बुधवारी औषध मारलं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीतरी बोललं असेल," मॅनेजर म्हणाले. "ऑफिसात दहा माणसं येतात."

"काय बोललं? मुलांना जंतांचं औषध पाजलं, असं बोललं असेल. तुम्ही तर म्हणालात, औषधाला भीक न घालणारी झुरळं. वर्षभरात इथे पाऊल टाकलं नाही, काल उंबऱ्यातून पाहिलं, दार उघडं होतं. मग फळा कधी वाचलात? बुधवारी सातनंतर ताई गेल्यावर, खिळ्यावरची किल्ली घेऊन तुम्ही आलात. कोणी पाहू नये म्हणून दार लावून घेतलंत. समोर हे दिसलं आणि तुम्हाला वाटलं, देवच पावला. आजच औषध मारलंय आणि उद्या झुरळं सापडणार. पेस्टवालीची याहून मोठी नाचक्की कोणती?"

"मला कशाला हे करायचं असेल?"

"डक्टचं झाकण. समितीला लेखी कळवलंत ते. उघडून दाखवता?"

मॅनेजरांनी जुडगा खिशातून काढला नाही. शेवटी पेस्टवालीने नुसता हात पुढे केला आणि त्यांनी तो तिच्या हातावर ठेवला.

ती खाली गेली, चार जण मागे गेले. तीन मिनिटांत चष्मेवाले जिन्याने दोन-दोन पायऱ्या टाकत वर आले. तोंडावर रुमाल होता.

"दार नवं आहे," ते धापा टाकत म्हणाले. "आत झाकणच नाही. भिंत हलतेय हो! अख्खी भिंत हलतेय!"

पेस्टवाली मागोमाग आली. "आजच बंद करते. तोवर ते दार कोणी उघडू नका." मग ती मॅनेजरांसमोर उभी राहिली. "तुम्ही मला एकदा सांगायचं होतंत, राहिलंय म्हणून. मी माझ्या हाताने बसवलं असतं."

"पाळणाघर बंद पडावं असं मला वाटत नव्हतं," मॅनेजर फरशीकडे बघत म्हणाले. "तुमचा अहवाल कोणी ऐकू नये, एवढंच. लहान मुलांचं नाव निघालं की लोक बाकीचं विसरतात."

"ठराव तुम्हीच लिहिलात," ताई म्हणाल्या. "ऑफिसात, माझ्यासमोर बसून."

समितीच्या अध्यक्षांनी मॅनेजरांना खाली ऑफिसात जाऊन थांबायला सांगितलं आणि ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. पाळणाघर चालू राहील, असं हात वर करून ठरलं. चष्मेवाल्यांचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला.

माणसं पांगली. ताई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी फोन घेतला. चौदा आयांना कळवायचं होतं.

पहिल्याच घंटीला पलीकडून आवाज आला, इतका मोठा की भावोजींनाही ऐकू गेला. "ताई, मी येतेच आहे त्याची गादी न्यायला. ऑफिसात सांगून टाकलंय, सोमवारपासून येत नाही म्हणून."

"मग परत जाऊन सांग, येते म्हणून," ताई म्हणाल्या. "सोमवारी साडेआठला सोड त्याला. आणि डबा नीट लावत जा, झाकण उघडतं."

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला, आणि कोणीतरी विचारत होतं, "काय झालं हो बाई? बरं वाटत नाहीये का?"

"नाही नाही," ती बाई रडत रडत त्या अनोळखी माणसाला सांगत होती. "मी जरा इथे पायरीवर बसते. माझं पाळणाघर उघडं आहे."